डुला

प्रमाणपत्रावर डू दीर्घ आहे.
बोलताना तो ऱ्हस्वच होतो
आणि शब्द एकदम घरचा वाटायला लागतो:
डुला.
उभ्या राहा, भिंतीला हात टेका,
डुला.

याआधी बावीस वर्षं मी तुर्भ्याला
कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर वजनं लिहिली.
गोणी काट्यावर, आकडा वहीत.
मग शेठचा मुलगा म्हणाला, आता मशीनच लिहील.
मी टोपण लावून पेन परत केलं.

रात्री पावणेदोन. खारघर, सेक्टर पस्तीस.
वॉचमनने वहीतून मान वर न काढता विचारलं,
"डिलिव्हरी?"
म्हटलं, हो.
त्याने माझ्या पिशवीतला हवा सोडलेला रबरी चेंडू पाहिला,
हवा भरायचा पंप पाहिला,
आणि रकान्यात लिहिलं: पार्सल.
लिफ्टमध्ये मला हसू आलं,
सातव्या मजल्यापर्यंत टिकलं.
पहिलीच वेळ होती.

अकराव्यावर हेमांगी ओट्याला धरून उभी,
कुकरच्या शिट्या मोजाव्यात तशा कळा मोजत.
निनाद मोबाइलवर मोजत होता,
त्याचा हिशेब वेगळाच येत होता.
मी तिच्या कमरेच्या खालच्या दोन खळ्यांवर तळवे टेकले.
"अजून," ती म्हणाली. "जोरात."
मला गाळ्यावरचे माथाडी आठवले.
गोणी उचलताना ते श्वास सोडतात,
कोंडत नाहीत.
वर्गात हेच शिकायला मी चार महिने फी भरली होती.

हॉस्पिटलच्या दारात सिस्टर लिसी आडवी.
"एकच माणूस. नवरा, नाहीतर तुम्ही."
हेमांगीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे,
मग कळ आली आणि तिने कुणाकडेच पाहिलं नाही.
मी निनादचा हात ओढून माझ्याच कमरेवर ठेवला:
इथे नाही, इथे.
अंगठा नको, तळवा.
ती सांगेल तेव्हाच काढायचा.
तो लाजला. मला लाजायला वेळ नव्हता.

मग दार मिटलं.
बाहेर स्टीलच्या तीन खुर्च्या,
आवाज बंद केलेला टीव्ही,
आणि हेमांगीची आई,
जिने घरापासून एक शब्द काढला नव्हता.
चारच्या सुमारास म्हणाली,
"हिच्या आधी एक होता. पेणला.
मला दाखवलाच नाही."
मी काही बोलले नाही.
तिच्या पाठीवर हात ठेवला, खाली, त्याच जागी.
ती बसल्या बसल्या डुलायला लागली.

मलाही कुणीतरी धरलं होतं.
वाशीच्या दवाखान्यात, सत्त्याण्णव साली.
"तेव्हा नाही ओरडलीस?" म्हणत एकीने मांडीवर चापट मारली,
तेव्हा फरशी पुसणारी बाई
फडकं बादलीत टाकून माझ्या उशाशी येऊन उभी राहिली.
फिनेलचा वास येणाऱ्या तिच्या ओल्या मुठीत माझी बोटं.
नाव विचारायचं राहिलं.
कोर्सच्या अर्जात प्रश्न होता,
या कामाकडे का वळावंसं वाटलं?
मी लिहिलं: आवड.

सहा वाजून गेल्यावर निनाद बाहेर आला.
शर्टाचं बटण तुटलेलं,
मनगटावर नखांच्या चार लाल कोरी.
"तळवा काढला नाही," म्हणाला.
आधी हे.
मुलगी झाली, ते नंतर.

सिस्टर लिसीने दार किलकिलं करून सांगितलं,
दोन किलो सातशे ऐंशी.
माझा हात सवयीने पर्समध्ये गेला, पेन सापडलं,
वही कुठली असणार.
हेमांगीच्या आईने तळहात पुढे केला,
"इथे लिहा."

लिहिलं.
तिने लगेच मूठ मिटली.
शाई वाळायचीसुद्धा थांबली नाही.